चूक शोधा, बिल्ला मिळवा

तीर्थस्वरूप थोरल्या मावशीस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहितोय खरा, पण दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरली आहे, तेव्हा वाकलो असं समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टर बदललास असं आईकडून कळलं. आधीच्यांचं अक्षर तुला पसंत नव्हतं म्हणे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत.

मी नेमकं काय काम करतो, हे तू दर भेटीत विचारतेस आणि मी दर भेटीत चहा मागून वेळ मारून नेतो. आज सांगतोच. पैशांच्या व्यवहारांची नोंद एका बँकेत न ठेवता हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवायची, याला ब्लॉकचेन म्हणतात. एकदा झालेली नोंद मग ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. (चूक झाली तर तीही खोडता येत नाही, हे आम्ही जाहिरातीत बारीक अक्षरात लिहितो.) म्हणून खरे पैसे येण्याआधी लोकांना खोटी नाणी द्यायची आणि सांगायचं, वापरा, मोडा, चुका काढा. आम्ही सांगितलं. चिटपाखरूही फिरकलं नाही.

तेव्हा मी डोकं लढवलं. चाचणीचाच खेळ करून टाकला. नाणं पाठवलं की गुण, रोज आलात की जास्त गुण, वर बिल्ला, आणि सगळ्यांची नावं क्रमाने लावलेला तक्ता. लोक तुटून पडले. साहेबांनी भर बैठकीत माझी पाठ थोपटली (तीच, दुखरी). मग लक्षात आलं, की पहिल्या नंबरचे गृहस्थ, जे दातांचे डॉक्टर आहेत, ते पेशंटला आ करायला लावून दोन फोन काढतात आणि आपल्याच एका खिशातलं नाणं दुसऱ्या खिशात टाकत बसतात. मी हार मानली नाही. नियम बदलला. गुण फक्त चूक दाखवली तरच. त्यासरशी चुकांचा ढीग पडला. निळा रंग उदास वाटतो. बटण गोल हवं होतं. दातांच्या डॉक्टरांनी एकच तक्रार शब्द फिरवून फिरवून इतक्या वेळा पाठवली, की ‘पारखी’ हा सर्वात मोठा बिल्ला त्यांनाच द्यावा लागला. दुसऱ्या आल्या त्या आमच्याच हिशेबनीस बाई, त्याही ऑफिसच्या वेळेत. (या महिन्याचा पगार लांबला तो त्यामुळेच.) खरी म्हणावी अशी चूक सगळ्यांनी मिळून एकच शोधली, आणि ती गुणांच्या तक्त्यात होती. तिच्यावरून मात्र रणकंदन झालं.

साहेब खूश आहेत. त्यांच्या भिंतीवरचा आलेख छताला टेकलाय, आणि येत्या सोमवारपासून खरे पैसे घ्यायचे असं ठरलंय. मी केबिनमध्ये जाऊन स्पष्ट सांगितलं, की लोक खेळ खेळले, नेटवर्क कुणी तपासलेलंच नाही. ते शांतपणे म्हणाले, "एक खरी चूक दाखव, सोमवार पुढे ढकलतो." तेव्हापासून मी हात धुऊन मागे लागलोय. पण स्वतः बांधलेल्या घरात माणूस अंधारातही ठेचकाळत नाही, तशी माझी गत झाली आहे. तरी मी सोडणार नाही.

काकांना नमस्कार सांग. गुडघा जप.

तुझा,
धाकटा

ता. क. आमच्या नव्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या तू म्हणाली होतीस, जिन्याची तिसरी पायरी अर्धं बोट उंच आहे. आम्ही सगळे तुझ्यावर वैतागलो. घरमालक तर हसले, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच पायरीवर पाय मुरगळून बसले. तेव्हा शुक्रवारीच ये. सोबत तिकीट पाठवतोय, खिडकीजवळची जागा आहे. माझ्या संगणकासमोर बस आणि माझ्या कामाला मनसोक्त नावं ठेव. गुण मिळणार नाहीत. बिल्लाही नाही.

ता. क. दुसरा. आईला यातलं काही बोलू नकोस. धाकट्याने केलंय म्हणजे चांगलंच असणार, असं शेजारीपाजारी सांगत तिने सोमवारी सकाळीच आपली ठेव मोडून सगळे पैसे आमच्याकडे ठेवायचं ठरवलंय. मी नको म्हणालो, तर तिला वाटलं मी विनयाने बोलतोय. तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी, पण माझ्या कामात तिला जन्मात एक चूक दिसलेली नाही. त्याचीच भीती वाटते गं. तू ये.