मशीननं पास केलेल्या अक्षता

तीर्थस्वरूप उषामावशीला जालन्याहून अंगदचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? नवी म्हैस दूध देऊन राह्यली की नुसतीच धावडा गावाची शोभा वाढवते? इकडं आम्ही सगळे मजेत. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही "आवाज येत न्हाई" म्हणून ठेवून देता (आणि मंग आईला सांगता, अंगद बोलतच न्हाई), म्हणून हे पत्र.

मागं तुम्ही विचारलं होतं, मस्तगडात ताडपत्रीच्या दुकानावर खोली घेऊन हा पोरगा करतो काय? तर मावशी, मी आणि माझा दोस्त हारुन मिळून तिथं जालन्याचे स्टार्टअप वाढवून राह्यलो. स्टार्टअप म्हणजे डोक्यात कल्पना, मांडीवर लॅपटॉप आणि घरच्यांच्या तोंडी "नोकरी कधी लागणार?". अशी पोरं-पोरी आमच्याकडं बसतात, एकमेकांच्या अडचणी सोडवतात. दुखणं एकच, जरा जम बसला की पुण्याला पळतात. म्हणून ठरवलं, पुण्यालाच इकडं बोलवायचं. पुण्याच्या मीनाताई नावाच्या बाई, नव्या धंद्यांत पैसे गुंतवणाऱ्या, यायला तयार झाल्या आणि आम्ही मेळावा ठेवला.

हॉल हारुनच्या अब्बांनी, लालमियाँनी मिळवून दिला (त्यांचा मंडपाचा धंदा, त्यामुळं सगळी मंगल कार्यालयं ओळखीची). वर आमचा मेळावा, खाली लग्न. मीनाताई शिरल्या त्या खालच्या कमानीतून. नवरीकडच्यांना वाटलं या नवऱ्याकडच्या, नवऱ्याकडच्यांना वाटलं नवरीकडच्या. दोन्हीकडून कुंकू लागलं, खण मिळाला, आणि वरात रस्त्यात नाचत बसल्यामुळं पंगती आधीच सुरू झाल्या होत्या, तिथं त्यांना आग्रहानं बसवलं. वर आम्ही गुच्छ घेऊन ताटकळून राह्यलो, तोच हारुन धापा टाकत आला, "अंगद, मॅडम तो नीचे जिलेबी खा रही!" मी पळत गेलो तर बाई म्हणतात, "व्यवस्था छान आहे हो तुमची. पुण्यात नुसती बिस्किटं देतात."

त्यातच लाईट गेली. जनरेटर होतं ते फक्त खालच्या लग्नाला. नवरीचे वडील वसंतराव देवमाणूस, ते म्हणाले, "या खाली. वरात येईस्तोवर तुम्हीच बोला, पाहुणे तरी जागेवर बसतील." झालं! नवरा-नवरीच्या खुर्च्या बाजूला सारून आमचा मेळावा स्टेजवर उभा राह्यला.

पहिलं नाव वंदनाचं. तीच, तुमच्या शेजारच्या कचरूभाऊंची. तिनं बियाण्यातले फुटके दाणे फोटोवरून ओळखणारा प्रोग्राम केलाय. एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कारखान्यांना बिलकुल कामाचा. पण तिचं बियाणं वर अंधारात राह्यलेलं. मंग तिनं हाताशी होतं ते अक्षतांचं ताट घेतलं (आपल्याकडं ज्वारीच्या असतात, पण वसंतरावांनी हौसेनं तांदूळ आणलेला) आणि मोबाईल पडद्याला जोडून ताटावर धरला. फुटक्या दाण्याभोवती लाल गोल येतो. लग्नाच्या मोठ्या पडद्यावर सगळं ताट लालेलाल!

नवऱ्याची आई दैवशालाबाई ताडकन उठल्या. "अक्षता म्हणजे अखंड दाणा! माझ्या लेकाच्या डोक्यावर कणी टाकता व्हय?" त्यांनी पिशवी उचलली. मागोमाग पाच जावा उठल्या. वसंतरावांनी डोक्याला हात लावला. मला वाटलं, मावशी, मेळावा गेला तर गेला, आता परक्या पोरीचं लग्न आमच्यापायी मोडतंय!

वंदना मात्र स्टेजवरून उतरली आणि मोबाईल सरळ दैवशालाबाईंच्या हातात दिला. "काकू, माझ्यावर भरोसा नका ठेवू. तुम्हीच तपासा." लालमियाँ भटारखान्यातून पुलावाचा लांब तांदूळ पातेलंभर घेऊन आले. बाईंनी मोबाईल धरला. एक लाल गोल न्हाई. दुसरी मूठ, तेच. मंग जावांनी तपासला, करवल्यांनी तपासला, एका आजीनं तर पिशवीतल्या शेंगदाण्यांवर मोबाईल धरला. कुंकू कालवून नव्या अक्षता झाल्या आणि दैवशालाबाईंनी माईक हिसकून जाहीर केलं, "आमच्या अक्षता मशीननं पास केल्यात!" या गडबडीत वरात कधीच दारात आल्ती. नवरदेव घोड्यावर बसून, कुणी उतरवतं का ते बघत होता.

पाहुण्यांत एक बियाणं कारखानदार होते. त्यांनी वंदनाला सोमवारी बोलावलं. आणि मीनाताई? त्या आल्त्या आम्हाला पुण्याला चला म्हणून सांगायला. अक्षता टाकता टाकता मला म्हणाल्या, "एवढं चोखंदळ गिऱ्हाईक मी पुण्यात कुठून आणू? इथंच राहा. मीच येत जाईन." ऐकून हारुन बँडपुढं इतका नाचला की नवऱ्याकडच्यांनी त्यालाच फेटा बांधला.

तर असं सगळं झकास चाललंय. काकांना नमस्कार, म्हशीला कुरवाळा.

तुमचा,
अंगद

ता. क. : वंदनाला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागतेय आणि कचरूभाऊ म्हणतात जा. ते तुमच्याकडून राखी बांधून घेतात, तुमचा शब्द मोडायचे न्हाईत. पोरीला इथंच काम करू द्या म्हणावं.

आणखी एक : चहा झाल्यावर, सहज आठवल्यासारखं, जावई म्हणून मी कसा वाटतो तेही विचारून टाका. हे वंदनाला अजून माहीत न्हाई.

उषाआत्या, नमस्कार. हारुननं पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडंच दिलं, तेही न चिकटवता. बाबांना मी कालच पटवलंय, मी कुठं जात न्हाई. चहानंतरचं बाबांना विचारू नका. तुमच्या भाच्याला एवढं लिहिता येतं, तर शेजारच्या टेबलावर बसून मला विचारायला काय होतं, तेवढं त्याला विचारा. – वंदना