उभी नसलेली पाटी

सेरोवे,
९ ऑगस्ट

लाडक्या सेथुन्या,

आज सकाळी दळलेली ज्वारी चाळताना आपला मिशनचा ट्रक आठवला. सुट्टी लागली की सिस्टर आपल्याला त्यात चढवायच्या. तू पोत्यांवर झोपायचीस, मी मागच्या फळीला धरून उभी. आणि तो नवा ड्रायव्हर खिडकीतून मान काढून ओरडायचा, "ए फळीवाली, घट्ट धर!" ट्रक असा हळू, की कोंबड्या पुढे जायच्या. तरी तो भोंगा वाजवायचा, वासरू हंबरल्यासारखा.

तुमच्याकडे सगळे बरे ना? गुडघ्याला तेल लाव. आमच्याकडे ऑगस्टचा वारा सुटलाय, घरभर वाळू. तोच ड्रायव्हर, माझा रालेसेगो, अंगणात उन्हाला बसलाय. त्याला वेगाने गाडी चालवल्याची दंडाची पावती मिळाली आहे. हसू नको. शुक्रवारपर्यंत दंड भरला तर प्रकरण तिथेच मिटतं. नाहीतर सोमवारी कोर्टात उभं राहायचं.

आमची लेक लेसेगो फोनवर म्हणते, "मम्मा, लढायचं! वेगाची पाटीच उभी नव्हती, मग मर्यादा कसली?" खरं आहे ते. गुरांनी पाठ घासून घासून पाटी पाडली आहे, गवतात उताणी पडलीय. मी जाऊन पाहिली. "बाबांनी फक्त उभं राहून दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची," ती म्हणाली.

त्या 'फक्त'पाशी मी अडकले आहे.

ख्रिसमसला तू विचारलंस, रालेसेगो इतका गप्प का. मी दाढेचं निमित्त सांगितलं. दाढ ठणठणीत आहे, सेथुन्या. त्याला विसर पडतोय. गाडी वर्षभर मीच चालवते. लेसेगोलाही ठाऊक नाही. पावती मिळाली त्या दिवशी आम्ही गुरांच्या ठाण्यावरून परतणार होतो. सकाळी चहा दिला, तर अदबीने टोपी काढून म्हणाला, "आभारी आहे, बाई. आपण कोणाच्या घरच्या?"

मी नाव सांगितलं. दुसरं काय सांगणार?

वाटेत मी पाणी प्यायला थांबले, तर हा उतरून माझ्या दाराशी. "सरक. तू अंडी वाहून नेल्यासारखी चालवतेस." मी का सरकले ते अजून कळत नाही. रस्ता मोकळा होता, आणि त्याचा आवाज जुना होता.

मग काय झालं कसं सांगू! कुंपणापलीकडून शहामृगं पळत आली, आमच्या बरोबरीने. त्याने वेग वाढवला. प्रत्येक कोरड्या नदीचं नाव घेत होता, कुठल्या वळणावर कोणाचा बैल आडवा आला होता तेही. तुझं पोत्यांवरचं घोरणं आठवलं त्याला! शहामृग खिडकीशी, त्याची पिसं, धूळ, ऊन; आणि तो ओरडला, "फळीवाली, घट्ट धर!"

मी धरलं. चॅपलमध्ये पहिल्यांदा ऑर्गन ऐकला तेव्हा आपले गुडघे कसे आपोआप टेकले होते, तसं आतून वाटलं. कुठे होता हा इतके दिवस?

गाव जवळ आल्याचं दोघांनाही कळलं नाही. झाडामागून पोलीस पोरगी बाहेर आली, आधी रीतसर नमस्कार केला. "दुमेला, रा. ऐंशीच्या हद्दीत एकशे तीस? विमान चालवत होता का?"

"बाळ, विमानातून शहामृग दिसतं होय?"

ती हसली, पण पावती फाडलीच.

आता हा रोज सकाळी आपली घडीची खुर्ची पुसतो. कोर्ट म्हणजे त्याला गावच्या पंचांचा कगोत्ला वाटतो: आपापली खुर्ची घेऊन झाडाखाली सगळे बसतील, म्हाताऱ्याला कोणी मधे तोडणार नाही. मी म्हटलं, "तिथे खुर्च्या असतात."

"परक्याच्या खुर्चीवर बसून काय बोलायचं?"

"आणि बोलणार काय तुम्ही?"

खुर्चीचा शेवटचा पाय पुसून घेतला त्याने. "पाटी पडली होती, हे सांगेन. पण उभी असती तरी मी थांबलो नसतो, हेही सांगेन."

ऐक! ज्याला माझं नाव आठवत नाही, त्याला हे आठवतं.

दंड भरला तर कोणाला काही कळणार नाही, आणि तो गप्पच राहील. कोर्टात सगळ्यांना कळेल. लायसन्स बहुधा जाईल, आणि जायलाच हवं. त्या रस्त्यावर पोरं असतात. पण जाण्याआधी त्याचं म्हणणं कोणीतरी ऐकून घेऊ दे. आम्ही सोमवारी जातोय. लेसेगोला आज रात्री मीच सांगेन.

निकाल काहीही लागो, गाडी लेसेगोची. तिने सोमवारीच घेऊन जावी, आमच्या दारात नको. त्याची ड्रायव्हरची टोपी तुझ्याकडे पाठवते, मिशनच्या सिस्टरना दे, त्या जपतील. ट्रकचा भोंगा त्याने काढून ठेवलाय, तो तुझा. चामड्याचे हातमोजे मी ठेवते. खुर्ची कोणाला द्यायची नाही. ती त्याला लागणार आहे.

अजून घट्ट धरून असलेली तुझी,
फळीवाली