मशीनीचं बाळंतपण

पोंभुर्णा, मंगळवार

आदरणीय मनसारामभाऊ यांस,

तुमच्या घरचा जावई सुरेंद्र याचा रामराम. तुमचा गुडघा आता कसा हाय? वहिनीले नमस्कार सांगा. इकडं आमचं बरं चाललं हाय. (सैपाक मीच करतो, म्हणून लई बरं हाय असं लिहिता येत नाई.) तुमची बहीण गोकुळा तिकडं आली त्याले पंधरवडा होऊन गेला. तिले फोन लावला तर ती कापते, तुमाले लावला तरी तिच्याच हाती लागते. आमच्या शेजारचा देवराव आज सोयरीकीच्या कामानं तुमच्या कुरखेड्याले येऊन राह्यला, त्याच्याच हातानं हे पत्र देतो.

झगड्याचं गोकुळानं काय सांगितलं ते मले मालूम नाई, पण माही बाजू बी ऐका. अंडे उबवाची मशीन मी चंद्रपूरहून आणली, तवा सारं गाव पाहाले आलं. थर्माकोलचा डब्बा, आत बल्ब, खाली पाण्याचा ट्रे. दुकानदार म्हणे, आर्द्रतेकडं ध्यान ठेवा. मी म्हणलं, आमाले पाण्याचं नोको सांगू, आमची हयात तलावात गेली. (सोनीबाईले, म्हणजे माह्या आत्याले, वाटलं आर्द्रा नक्षत्राचंच चालू हाय. ती म्हणे, अजून थंडी सरली नाई, आतापासून काऊन चिंता करतं?) मी ट्रे काठोकाठ भरला, वरून ओलं पोतं टाकलं. गोकुळा म्हणे, एवढं नोको. पण ऐकन तो सुरेंद्र कसला! अंड्यातलं पाणी थोडं तरी आटा लागते, नाई तर पिल्लाले श्वास घ्याले जागा राहत नाई, हे मले मागून समजलं. सारे पिल्लं अंड्यातच बुडून मेले. मासोळ्या धरणाऱ्याच्या घरी पिल्लं बुडाले, आता गावात काय तोंड दाखवू?

तवा कबरी खुडूक होऊन अंडे उबवत बसली होती. (कबरी म्हणजे गोकुळाची चितकबरी कोंबडी. घरात माह्यापेक्षा तिचा मान जास्त.) गोकुळा सांगे, ही सकाळी दाणे खाले उठते, दवाच्या गवतातून पोट ओलं करून येते, तेवढंच पाणी अंड्याले पायजे. मी म्हणलं, कोंबडीले आर्द्रता समजली असती तर तिनं चंद्रपूरले दुकान टाकलं असतं. अन् भाऊ, गोकुळा बाजारात गेली असताना मी कबरीखालचे अंडे काढून मशीनीत टाकले. ती आली, रिकामं टोपलं पाह्यलं. भांडली असती तर बरं झालं असतं. कबरीले काखेत घेतलं अन् एवढंच म्हणली, "आता जेवाले काय पायजे ते मशीनीलेच सांगा." अन् कबरीसकट तुमच्याकडची गाडी धरली.

या खेपेले मी शहाणा झालो. ट्रेत थोडंच पाणी, शेवटी शेवटी जरा जास्त, अन् झाकण बिलकूल उघडाचं नाई. लोक सारखे डोकावत, म्हणून मी मजाकमजाकमध्ये सांगून ठेवलं, मशीन बाळंत होऊन राह्यली, कोणी आत जाऊ नोका. ते सोनीबाईनं मनावर घेतलं. मी तलावावर गेलो तवा तिनं खोलीत निखाऱ्याचं घमेलं ठेवलं, ओव्याची अन् लसणाच्या सालट्याची धुरी दिली, दार लावून घेतलं. बाळंतिणीजवळ गार पाणी नसावं म्हणून ट्रे काढून शेवग्याच्या बुडात रिकामा केला. वारा लागू नये म्हणून मशीनीच्या डोक्याले फडकं बी बांधलं.

मी आलो तवा पिल्लांच्या चोची बाहेर अन् अंग आत. अंड्यातला पापुद्रा सुकून अंगाले चिपकला होता, फिराले जागाच नाई. कोमट पाण्याचा बोळा लावत बसलो, पण एकच निघालं. सोनीबाई बाजूले बसून रडे. तिले काय बोलू? बाळंतीण मीच म्हणलं होतं.

पिल्लू चितकबरं हाय, आईवर गेलं. बल्बखाली राहत नाई, माह्यामागं चिवचिव करत फिरते, मी थांबलो की पायावर बसते. मशीन सारं करते, पण कुककुक करत नाई. मी करून पाह्यलं, त्याले पटलं नाई. घर लई सुनं वाटते, भाऊ. पिल्लाले.

बाकी ठीक. तब्येतीले जपा.

तुमचा
सुरेंद्र

ता. क. कबरी तिकडं रिकाम्या टोपल्यात अजून खुडूकच बसली हाय, असं वहिनीनं सोनीबाईले फोनवर सांगितलं. लेकरू तिचंच हाय. तिले लवकर पाठवा.

आणखी एक. तिले देवरावच्या हाती देऊ नोका. ती गोकुळाच्या काखेशिवाय कुठी राहत नाई, मागं कंडक्टरले टोचली होती. तवा सोबत कोणाले पाठवाचं ते तुमीच ठरवा, मी काय सांगू.

शेवटचं. हे पत्र गोकुळाले दाखवू नोका. तुमचा चश्मा पोळ्यापासून तुटून पडला हाय अन् घरी आलेलं पत्र तीच वाचून दाखवते, हे मले मालूम हाय. तर गोकुळा, इथून पुढचं मनातल्या मनात वाचजो. तुह्या दवाचं खरं होतं. पिल्लू तुही वाट पाहून राह्यलं, अन् ते एकटंच नाई.