झुंजीच्या पडितीवर

पुणे,
२८ जून २०२५

तीर्थरूप सेवकराम मामांस,
भाचा धनंजयचा शि. सा. न. वि. वि. (आपल्याकडे मामाच भाच्याच्या पाया पडतो, तेव्हा तुम्ही मला उलट नमस्कार लिहिणार हे ठाऊक आहे, म्हणून आधी मीच करून ठेवतो.)

फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा हॉस्टेलच्या दिवसांसारखं पत्र लिहायला बसलो आहे. बातमी बरी नाही. फेब्रुवारीत कंपनीने आमचा आख्खा विभाग बंद केला. तेव्हापासून घरी आहे. डिंपल कामावर जाते, मी भांडी घासतो आणि मुलाखतींना जातो. या वयाच्या माणसाला कोणी घेत नाही, मामा. चहा पाजतात आणि कळवतो म्हणतात. आई असती तर तिच्याजवळ रडून घेतलं असतं. ती नाही, म्हणून तुम्हाला लिहितो.

एक मात्र केलं आहे. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची घरगाडी करून घेतली. आत दोन पलंग, ओटा, फ्रीज, मागच्या बाजूला संडास. हल्ली लोक अशा गाड्यांतून हिंडतात आणि पाण्याकाठी मुक्काम करतात. नागपूरची तीन कुटुंबं पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत आपापल्या गाड्या घेऊन माझ्याबरोबर यायला तयार आहेत. मी म्हटलं, चला माझ्या मामाच्या गावाला. दिवसा पवनीचा किल्ला, पहाटे तलावावरचे सारस, आणि मुक्काम तलावाकाठच्या त्या पडीक माळावर, झुंजीच्या पडितीवर. पेंढारी आले तेव्हा गाव कसं लढलं, ती गोष्ट तुम्ही सांगायची. हे जमलं तर माझं पुढचं काहीतरी सुरू होईल. नाही जमलं तर काय करायचं, मला खरंच सुचत नाही. तुमची हरकत नसावी.

मामीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

आपला,
धनंजय

•

मु. चिचटोला, पो. कोंढा,
९ जुलै २०२५

चि. धनंजय भाचे यास,
सेवकरामचा पाया पडून नमस्कार. वयानं मोठा आहे म्हणून आशीर्वादही याच कागदात.

पत्र पावलं. नोकरीचं वाचून घास गोड लागेना. तुझी मामी म्हणते, त्याले इकडे बोलवा, घरात तांदूळ आहे, कोणी उपाशी मरत नाही. गाडीत ओटा अन् संडास एकाच ठिकाणी, हे ऐकून मात्र लय हसली. विचारत होती का, तिकडून आल्यावर ते लोक पाय कुठं धुतात. मी म्हटलं, पुण्याच्या लोकायले विचारून सांगतो.

आता पडितीचं सांगतो. लहानपणी तू माझ्या खांद्यावर बसून ऐकलंच आहे. झुंजीत गावची माणसं तिथं पडली अन् तिथंच मातीत गेली. म्हणून त्या जागेवर चूल पेटवत नाही अन् खुंटी ठोकत नाही. मेलेल्याच्या छातीवर कोणी खुंटी ठोकते का? राखण आपल्या घराकडे आहे. धानाच्या रोवण्याच्या आधी सारं गाव तिथं जमते अन् पहिला नारळ मी फोडतो, माझ्या आधी माझा बाप फोडे. माणूस तिकडे फिरकत नाही म्हणून तर सारस तिथं राहून राहिले. पूर्ण तलावावर आता एकच जोडी उरली. यंदा पडितीच्या खालीच, देवधानाच्या गवतात त्यायनं घरटं बांधलं. वनखात्याची पाटीही लागली आहे.

मले मामीची हाक ऐकू येत नाही, बैलाची घंटी ऐकू येत नाही. पण पहाटे ते दोघं मिळून ओरडतात ना, ते ऐकू येते. त्याच आवाजानं मी उठतो.

मी नाही म्हणत नाही. भाच्याले मामा नाही म्हणत नाही, हे तुले माहीत आहे. तू पाळण्यात होता तवा तुझे पाय धुऊन ते पाणी मी डोळ्याले लावलं, तुझी माय शकुनअक्का हसत होती. म्हणून एवढंच म्हणतो का ते मागू नको. शाळेचं पटांगण माग. माझी रस्त्याकाठची बांधी माग, त्यातलं रोवलेलं धान उपटून तुझ्या गाडीले जागा करून देतो.

डिंपलले आशीर्वाद. जीव आहे तसाच राहू दे.

तुझा मामा,
सेवकराम

•

पुणे,
१८ जुलै २०२५

तीर्थरूप मामांस,
धनंजयचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र डिंपलने मोठ्याने वाचलं आणि धान उपटायच्या ओळीवर थांबली. म्हणाली, मामांना अडचणीत घालू नकोस. पण मामा, शाळेच्या पटांगणात चिखल असतो आणि बांधीत गाड्या रुततील. पाण्याजवळ मुरमाची, उंच, कोरडी जागा ती एकच आहे. शिवाय शाळेचं पटांगण बघायला नागपूरहून कोण येईल?

वनखात्याच्या पाटीचं मी विचारून घेतलं. बंदी बांधकामाला आहे. आमचं घर चाकावरचं, आलं तसं जाणार. चूल पेटवणार नाही, गॅस गाडीच्या आत आहे. खुंटी ठोकणार नाही, तंबूच नाहीत तर खुंटी कशाला?

मी रात्री झोपत नाही. मुलगी विचारते, बाबा तू घरी का असतोस, आणि डिंपल विषय बदलते. मला एकदा तरी काहीतरी उभं करून दाखवायचं आहे. म्हणून मागायचं नाही म्हणालात तरी मागतो. भाचा म्हणून मागतो, मामा. पडीत द्या.

मामीला सांगा, पाय आम्ही तलावावर धुऊ. रागावू नये आणि आपलं म्हणावं.

आपला,
धनंजय

•

चिचटोला,
३० जुलै २०२५

चि. धनंजय भाचे यास,
सेवकरामचा पाया पडून नमस्कार व आशीर्वाद.

ये.

गावात सांगितलं. तलावात मासे धरणारा टेकचंद, माझा लहानपणचा सोबती, तो बोलला. म्हणे, सेवकराम, भाचा तुझा आहे पण पडीत गावची आहे. त्याचं काही चुकलं नाही. मी खाली मान घालून म्हटलं का राखण माझ्याकडे आहे अन् माझ्या तोंडून हो निघून गेलं. मंग कोणी काही बोललं नाही. आमच्या गावात कोणी बोललं नाही म्हणजे बरं असते असं नाही.

घरट्यात दोन अंडी आहेत. तुझी मामी रोज तलावाच्या पाळीवरून पाहते, जवळ जात नाही. मादी उठली का नर बसते. भर पावसातही बसून राहते, पाठीवरून पाणी वाहून जाते. येशीन तवा दिव्याचं तोंड पाण्याकडे करू नको अन् गाणी लावू नको. एवढं माझ्यासाठी कर.

येताना मामीसाठी काही आणू नको, आणलं तर ती वापरत नाही, पेटीत ठेवते. लेकीले घेऊन ये.

तुझा मामा,
सेवकराम

•

पुणे,
१९ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप मामांस,
धनंजयचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी दुपारी तुमचा निरोप घेतला आणि सोमवारी रात्री सुखरूप पोहोचलो. किती दिवसांनी मी गाडी चालवताना गुणगुणत होतो, असं डिंपल म्हणाली. मामीच्या हाताचा वडाभात सगळ्यांच्या तोंडी आहे. तुमची झुंजीची गोष्ट ऐकताना नागपूरकर मंडळी हातातले फोन खाली ठेवून बसली होती, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांच्यातल्या एकाने ड्रोन उडवलं ते तुम्हाला आवडलं नाही, मला दिसलं. पाहुण्याला मी काय म्हणणार? पण सारस उठले तेव्हा काय देखणे दिसले, मामा! तो व्हिडिओ बघून कितीतरी लोकांनी मला विचारलं. पोळ्यानंतर आणखी चार गाड्या यायच्या म्हणतात.

विजेचं तुम्ही निभावून नेलंत. जनरेटरचा आवाज बंद करायचा तर आपल्या मोटारपंपाच्या खांबावरून तार ओढण्याशिवाय इलाज नव्हता. बांबू रोवायची वेळ आली तेव्हा मी थबकलो होतो. तुम्ही माझ्या हातातली लोखंडी सब्बल घेतलीत आणि म्हणालात की दोष लागायचाच तर मामाला लागू दे, भाच्याला नको. मला कसंतरीच झालं, पण बरंही वाटलं.

निघताना म्हटल्याप्रमाणे तार तशीच राहू द्या, पुढच्या वेळी पुन्हा ओढायला नको. आई गेल्यावर माझ्या पाठीशी कोणी आहे असं आत्ता वाटलं. असाच हात पाठीवर राहो.

आपला,
धनंजय

•

चिचटोला,
२८ ऑगस्ट २०२५

चि. धनंजय भाचे यास,
सेवकरामचा पाया पडून नमस्कार.

लिहायले उशीर झाला. कागद दोनदा फाडला.

तुमचं ते यंत्र उडालं तवा सारस उठले, ते संध्याकाळपर्यंत घरट्यावर बसले नाहीत. पडितीवर कोंबडीची हाडं पडली होती, त्याच्या वासानं गावचे कुत्रे तिकडे गेले. कुत्रे तिकडे कधी जात नव्हते. तुमच्या गाड्या गेल्यावर मामी पाहायले गेली तर घरट्यात टरफलं होती. ती पाळीवर बसून राहिली. मी हात धरून घरी आणलं.

तरी जोडी होती. टेकचंद म्हणे का पुढच्या साली पुन्हा अंडी घालतील, सारस जागा सोडत नाही. मीही तेच धरून बसलो. तू गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी पहाटे धुकं होतं. मादी पाण्यावरून उठली अन् त्या तारेवर आपटली. काळी, बारीक तार, धुक्यात माणसाले दिसत नाही तर तिले काय दिसते? मान मोडली. मी गेलो तवा तिचा एक पंख माझ्याच हातानं रोवलेल्या बांबूवर पडला होता.

रविवारी तू गेला तवाच ती तार मी काढणार होतो. सब्बल घेऊन निघालोही होतो. पण तू म्हटलं होतं राहू दे. भाच्यानं सांगितलेली गोष्ट मी कशी मोडू? म्हणून सब्बल परत भिंतीले लावली.

गावानं मले शिवी दिली नाही. दिली असती तर बरं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी चार जण घरी आले, चहा प्याले, धानाचं बोलले, अन् उठताना हळूच म्हणाले का समोरच्या सालापासून पडितीवरचा नारळ टेकचंद फोडल. मी हो म्हटलं. मामी आत होती. तवापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

नर घरट्याजवळ उभा आहे. चारा घेत नाही.

तार काढली. तुझ्या चार गाड्यायचं काय ते तू पाहा. लेकीले हे सांगू नको.

तुझा मामा,
सेवकराम

•

पुणे,
६ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप मामांस,
धनंजयचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तसाच खाली जाऊन गाडीत बसलो. डिंपल शोधत आली. तिला पत्र दिलं. तिने वाचलं आणि माझ्याशेजारी बसून राहिली. तिने आधीच सांगितलं होतं, हे ती आता कधीच म्हणणार नाही, आणि ते मला जास्त लागतं.

चार गाड्यांना येऊ नका म्हणून कळवलं. घरगाडी विकायला काढली आहे. व्हिडिओ काढून टाकला, पण तो लोकांनी पुढे पाठवला आहे. अजून मला विचारतात, ही जागा कुठली.

तुम्ही मला मागू नको म्हणाला होतात. ती ओळ मी तेव्हा वाचली होती, मामा. न कळण्याइतका मी लहान नव्हतो. तुम्हाला नाही म्हणता येत नाही हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी भाचा म्हणून मागितलं. मला नोकरी नाही, काही नाही, आता तुमचा मानही माझ्यामुळे गेला. मी कुठल्या तोंडाने तिथे येऊ? दसऱ्याला यायचं म्हणतो. त्याआधी एकदा लिहा की मला माफ केलं. शेवटचं मागतो. भाचा म्हणूनच मागतो.

मामीच्या पायांवर डोकं. मला टाकू नका.

तुमचा,
धनंजय

•

चिचटोला,
२५ सप्टेंबर २०२५

चि. धनंजय भाचे यास,
सेवकरामचा पाया पडून नमस्कार व आशीर्वाद.

पत्र मामीले वाचून दाखवलं. ती सूप घेऊन अंगणात गेली.

नर परवापर्यंत होता. टेकचंद सांगत होता का पहाटे एकदा ओरडते अन् मान वळवून पाहते, मंग पुन्हा ओरडत नाही. एकट्याचा आवाज मले घरापर्यंत आला नाही. दोघायचा मिळून येत होता. परवापासून तोही दिसत नाही. वनखात्याचा माणूस येऊन गेला, म्हणे कुठं गेला ते सांगता येत नाही. आता सकाळी मले काहीच ऐकू येत नाही. मामी खांदा हलवून उठवते. उठून खाटेवर बसतो, अन् कायले उठलो ते समजत नाही.

गाडी विकू नको. तिचा काय दोष? पोटापाण्याले दुसरीकडे ने.

तू माफी मागितली. तू पडीत मागितली, मी दिली. तार राहू दे म्हटलं, राहू दिली. आता माफी मागितली, तर हे घे, माफ केलं. मले नाही म्हणताच येत नाही, मंग माझ्या हो म्हणण्यात काय आहे? ही माफी खरी का नेमाची, ते तुले समजणार नाही अन् मलेही समजून नाही राहिलं. मागितली नसती तर कदाचित एखाद्या दिवशी माझ्या मनानं दिली असती.

दसऱ्याले ये. लेकीले आण. पाय धुवायले पाणी मी दारात ठेवीन, तांदूळ निवडून ठेवले आहेत. फक्त आता काही मागू नको, बापा.

माया आहे. ती कमी कर म्हटलं तरी माझ्यानं होत नाही.

तुझा मामा,
सेवकराम