तुझ्या दगडावरची ओळ

आई, तुझ्या समाधीवरची पाटी तडकली. मळ्यात ट्रॅक्टर मागे घेताना धक्का लागला म्हणे. काल बाळापूरहून दादाचा फोन आला, "नवी करून राहिलो. मजकूर पाठवजो, मागचा तूच लिवला होता ना." हो, मीच लिहिला होता. 'त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू.' मराठी शिकवणारी बाई घरात असल्यावर दुसरं कोण लिहिणार?

तुला हवी होती ती ओळ वेगळीच होती. मी कॉलेजात होते. नोव्हेंबरात ख्रिस्ती लोक आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं वाहतात, म्हणून आपण शेवंतीची गाठोडी घेऊन अकोल्याला त्यांच्या दफनभूमीच्या फाटकाशी बसायचो. त्या वर्षी फुलं लवकर संपली आणि तू आत शिरलीस. रेल्वेत नोकरी केलेल्या कुणाची तरी कबर होती. नावाखाली कोरलं होतं, 'गाडी आली. या खेपेला वेळेवर.' तू मला ते दोनदा वाचायला लावलंस. मग तोंडाला पदर लावून अशी हसलीस, की रखवालदार बघायला आला. "मेला तरी याची मस्करी नाई गेली," म्हणालीस.

परतताना एसटीत तू फुलांचे पैसे मोजलेस. मग एकदम म्हणालीस, "माह्या दगडावर लिहजो, 'आता मी उठत नाई. ज्याचं त्यानं वाढून घ्या.'" मी खो खो हसले. तू हसत नव्हतीस. "लिहशील ना बाई?" मी लिहीन म्हटलं. गंमत वाटली होती मला, दुसरं काही नाही.

तुझं शेवटचं दुखणं मला आठवतं ते ताटांसकट. मी अमरावतीहून पोरांना घेऊन आले होते. तुझे पाय सुजलेले, दम लागत होता, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. वहिनी माहेरी गेलेली. पोळ्या तूच लाटल्यास, आणि आम्ही सगळे ओळीनं जेवायला बसलो. तू कशीबशी खाटेवर टेकतेस, आणि मी, बत्तीस वर्षांची, दोन लेकरांची आई, म्हणते, "आई, लोणचं राहिलं." तू भिंतीला धरून उठतेस. बरणी काढतेस. मला वाढतेस. कुणीही तुला बस म्हणत नाही. पाचव्या दिवशी तू गेलीस.

पाटी करताना मी स्वतःला समजावलं, की समाधीवर असं काही शोभत नाही, लोक हसतील. खोटं होतं ते. लोक हसले असते तर चाललं असतं. एखाद्यानं विचारलं असतं, ही बाई हे कुणाला सांगून राहिली, आणि आम्ही सगळे जेवणारे तिथंच उभे असतो. त्यापेक्षा त्यागमूर्ती बरं. त्याग म्हटला की घेणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही.

काल फोनवर तुझी ओळ टाइप केली. मग पुसली, आणि जुनाच मजकूर पाठवला. दादाचं उत्तर आलं, "छान."

हे पत्र कुठं टाकायचं, ते मला माहीत नाही. वहीतच राहील. पण ओळ का पुसली ते तुला तरी सांगते. या वेळी लाजेनं नाही पुसली. शाळेतून दमून घरी येते, ओटा थंड असतो, आणि मला अजूनही वाटतं, आई, की तू उठावंस.