उलटं रिंगण

ती. रोवेनामावशीस,

तुझ्या नव्या गुडघ्याला आधी नमस्कार, आणि मग बाकीच्या तुला. व्हिटबीची हवा मानवली असेल. (समुद्राचा वारा सांध्यांना वाईट, असं इथे सगळे म्हणतात, पण तू ऐकणार थोडीच!) मी ठीक आहे. तू इथे सोडून गेलेलं मांजर माझ्याहून ठीक आहे.

आता परवाचं सांगते. डिसेंबरच्या सणाला मी आपलं सहज म्हणाले, की मावशी, तू चारी दिशांना इतका वेळ आवाहन करतेस की लोकांचे पाय गारठतात. त्यावर तू काठी माझ्या हातात कोंबून 'घे, यापुढे तूच कर' म्हणालीस आणि तरातरा गावच सोडलंस. त्यामुळे दिवस-रात्र समान होतात त्या दिवशी वसंताला बोलवायचं काम, म्हणजे अख्खा ओस्तारा, माझ्या गळ्यात पडला. त्यात मंडळातल्या ज्येष्ठ एनिडबाईंनी बजावलं होतं, की यंदा नीट झालं नाही तर सगळे शेजारच्या खोऱ्यातल्या मंडळात जाणार. तू तीस वर्षं सांभाळलेलं ऋतुपूजेचं मंडळ माझ्या हातून मोडणार, या विचाराने मला झोप लागेना. मग तीन आठवडे तुझ्या एका जुन्या ओस्ताराचा व्हिडिओ फोनवर लावून, हातात झाडू घेऊन मी जेवणाच्या टेबलाभोवती फिरत होते. (ड्युगलला चहा हवा असला तरी रिंगणाबाहेर थांबावं लागे. म्हणाला, 'हे लग्नाआधी सांगायला हवं होतंस.')

परवा सकाळी ऊन काय सुरेख पडलं होतं! कुरणात वीस जण, केसांत डॅफोडिल, मध्ये रंगवलेली अंडी आणि सशाच्या आकाराचा मधाचा केक. मी ऐटीत काठी टेकवत रिंगण आखायला घेतलं, पूर्वेच्या वाऱ्याला हाक मारली आणि निघाले. पूर्वेनंतर पाळी दक्षिणेच्या अग्नीची. तिथे नवरा माझा शेगडीवर फुंकर घालत सज्ज, आणि मी पोचले उत्तरेच्या मातीच्या कुंडीपाशी! मला वाटलं, हाच चुकीच्या जागी उभा आहे. मी डोळे वटारले, तसा बिचारा शेगडीसकट धावत आला आणि झग्याची बाही जाळून बसला. (निम्मीच.)

रिंगण पुरं झालं आणि बर्फ पडायला लागलं. एनिडबाई टोपी झटकत म्हणाल्या, 'अगं पोरी, तू उलटी फिरलीस! सूर्याच्या उलट फिरतात ते पीडा घालवायला. वसंताला बोलावलंस की हाकललंस?'

रिंगण सोडल्याशिवाय बाहेर पडायचं नाही हा तुझाच नियम, आणि उलटं आखलेलं सोडायचं कसं ते कुणालाच ठाऊक नाही. त्यावर पाऊण तास वाद झाला. पाय गारठले, मावशी. सगळ्यांचे. कुणीतरी 'रोवेना असती तर...' म्हणालं आणि मला रडूच कोसळलं. शेवटी शेतकऱ्याचा कुत्रा थेट रिंगणात घुसला आणि केक तोंडात धरून पसार झाला. त्याने वाट करून दिली असं धरून आम्ही त्याच्या मागोमाग बाहेर पडलो.

यात चूक माझी नाही, फोनची आहे. व्हिडिओत डावं-उजवं उलटं उतरलं असणार, हे मला कोण सांगणार?

तुझी, अजून पाय शेकत बसलेली भाची,
टॅमसिन

ता. क. : या दिवशी अंडं टोकावर उभं राहतं म्हणतात ना, ड्युगलचं राहिलं. बर्फात रुतलं म्हणून, पण राहिलं.

ता. क. २ : उलटं रिंगण ही हट्टी थंडी हाकलायची तुझीच जुनी गुप्त रीत आहे, असं मी एनिडबाईंना ठोकून दिलंय. त्या तुला फोन करतील. तेवढं 'हो' म्हण, म्हणजे मंडळ टिकेल.

ता. क. ३ : आत्ता तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. तुझ्यामागे फाटकावरची 'कुत्रं बांधून ठेवा' ही पाटी अगदी सरळ वाचता येते. म्हणजे फोनने काहीच उलटं केलेलं नाही. तूच उलटी फिरली होतीस! तुला बोलायची कुणाची छाती झाली नाही, इतकंच. आणि त्या वर्षीच्या वसंताचं कौतुक तू अजून सांगतेस. मी कुणापाशी ब्र काढणार नाही. मेच्या सणाला तेवढी परत ये. तुझ्यावाचून करमत नाही गं. काठी तुझीच आहे, आणि तू हवा तितका वेळ घे. मी दोन जोड मोजे घालून येईन.