स्विचवरची विभूती

राजाजीनगर, बेंगळुरू
रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

प्रभू येशूच्या नावात तुला सलाम. आम्ही दोघं बरे आहोत. वीणाचं थायरॉइड आटोक्यात आहे, माझं बीपी नाही. तुझे गुडघे काय म्हणतात? वीणाने पाठवलेलं तेल मिळालं असेल तर निदान तिला तरी कळव, ती रोज विचारते.

दहा महिन्यांनी पत्र आलं, तेही हाताने लिहिलेलं, म्हणून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. व्हॉट्सॲपवर तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. तिथे पुसणं फार सोपं आहे आणि मला पुसायची खोड आहे, हे तुला पुढे कळेलच.

इथे सगळं नेहमीचंच. नेहमीचंच म्हणजे वैताग. गेल्या आठवड्यात कंपनीच्या कामाने बेळ्ळंदूरला गेलो, जायला अडीच तास, यायला तीन. आमच्या गल्लीत कन्नड राज्योत्सवाचा मांडव अजून उभा आहे आणि त्यांचा लाउडस्पीकर बरोब्बर आमच्या प्रार्थनेच्या वेळी सुरू होतो. चर्चमध्येही आनंदच आहे. आम्ही मराठी मंडळी सगळी मिळून तेवीस, दुसऱ्यांचा हॉल मागून दुपारी उपासना करतो, आणि त्या तेविसांत नाताळच्या जेवणाला बिर्याणी की पुलाव यावरून दोन तट पडलेत. याच्यासाठीच येशू जन्माला आला होता, असं मी परवा बोलून गेलो, तर दोन्ही तट माझ्यावर रुसले.

ते जाऊ दे. मी मुद्द्यावर यायचं टाळतोय हे मलाही कळतंय.

आज उपासनेत पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. विषय होता, नोकरीच्या ठिकाणी ख्रिस्ती माणसाने कसं राहावं. म्हणाले, "आपले साळवेभाऊ बघा. तीस वर्षं कारखान्यात आहेत. आयुधपूजेला कधी हात जोडले नाहीत, प्रसाद घेतला नाही, आणि तरी कोणाशी भांडण नाही. भाऊ, दोन शब्द साक्ष द्या." मी उभा राहिलो. समोर वीणा अभिमानाने बघत होती. माझ्या तोंडून शब्द फुटेना. बीपी वाढलं असेल म्हणून लोकांनी मला बसवलं, पाणी पाजलं. बीपीचं काही नव्हतं, ताई.

तुला इथली आयुधपूजा माहीत नाही. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात तीच, पण इथे तिचं प्रस्थ फार. रिक्षा, बस, कॉम्प्युटर, झेरॉक्सचं मशीन, काही सुटत नाही. आमच्या कारखान्यात सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळी नऊला सगळ्या मशीनचे मेन स्विच खाली. मग धुणं-पुसणं, विभूतीचे तीन-तीन पट्टे, कुंकू, शेवंतीचे हार. गेटवर कोहळा फोडायचा, चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटायचा. त्यानंतर दसरा उलटेपर्यंत मशीनला कोणी हात लावत नाही. हे सगळं चालतं तेव्हा मी काचेच्या केबिनमध्ये पाठ करून कागद चाळत बसतो. सुरुवातीला लोक चिडवायचे. आता नुसतं म्हणतात, सर येत नाहीत.

माझ्या लॅबमधलं मुख्य मशीन आहे लिफ्टचे पोलादी दोर ताणून तोडायचं. दोर किती वजनाला तुटतो ते बघायचं, आकडा लिहायचा, खाली माझी सही. त्या सहीवर दोर लिफ्टला लागतो. या मशीनची पूजा महानंदा करते. ती आमची टेक्निशियन, बारा वर्षं कंत्राटावर. मूळची चिकोडीकडची, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलते. ओली विभूती ती अशी ओढते की पट्टे अर्धे स्विचच्या दांडीवर आणि अर्धे मागच्या डब्यावर येतात. वाळले की चुन्यासारखे घट्ट बसतात. स्विच वर केला तर ते मोडल्याशिवाय राहणार नाहीत.

दसऱ्यानंतर पहिल्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी जातो आणि स्पिरिटच्या बोळ्याने ते पुसून टाकतो. माझ्या मशीनवर दुसऱ्या कुठल्या देवाची खूण नको. बारा वर्षं पुसतोय. तिला पत्ता नाही असं मला वाटायचं.

या वर्षी पूजेच्या दिवशी अकराच्या सुमाराला आमचे मॅनेजर गुरुप्रसाद केबिनमध्ये आले. बेळ्ळंदूरच्या एका टॉवरचे दोर त्याच दिवशी निघायचे होते, गाडी गेटवर उभी होती आणि रिपोर्ट झालेला नव्हता. आठ नमुने तोडायचे, तासाभराचं काम. पण मशीन हार घालून बसलेलं.

स्विच वर करायला मला कोणाची परवानगी लागत नाही. पण मी तो वर केला असता तर पट्टे मोडले असते, महानंदाने तोंड फिरवलं असतं, युनियनची माणसं जमली असती, आणि 'कोणाशी भांडण नाही' ही जी माझी ख्याती आहे ती गेली असती. नाही म्हणून गाडी थांबवली असती तर गुरुप्रसादांशी बिनसलं असतं. गुरुप्रसाद म्हणाले, "सर, माल मागच्या लॉटचाच आहे. स्वल्प ॲडजस्ट माडि." जरा सांभाळून घ्या, असं. इथे या तीन शब्दांवर अख्खं शहर चालतं. मी मागच्या लॉटचे आकडे समोर ठेवले, थोडे इकडचे तिकडे केले आणि आठ ओळी भरल्या. तारीख घातली, सही केली. एकही दोर तोडला नव्हता.

लिहिलं एकदाचं. त्यासाठी दोन पानं खर्ची पडली.

या महिन्याच्या सुरुवातीला त्या टॉवरमध्ये तपासणी करताना एका दोराच्या तारा तुटलेल्या सापडल्या. लिफ्ट लगेच बंद केली. कोणाला काही झालं नाही, आणि त्या लॉटचे सगळे दोर आता उतरवलेत. मी बेळ्ळंदूरला गेलो होतो तो तेच बघायला. चौदाव्या मजल्यावरून एक म्हातारे गृहस्थ जिन्याने उतरत होते, मला बघून बाजूला झाले आणि म्हणाले, या सर, आधी तुम्ही जा. ती लिफ्ट कोणामुळे बंद आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

शुक्रवारी चौकशी झाली. टॉवरवाल्यांकडून पवित्रा नावाच्या इंजिनियरबाई आल्या होत्या, इथल्याच. त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवून पहिलाच प्रश्न विचारला, "आयुधपूजेच्या दिवशी चाचणी? त्या दिवशी बेंगळुरूत मशीन कोण चालवतं?"

महानंदाला बोलावलं. ती सरळ म्हणाली, "मशीन बंद होतं. नऊला मीच स्विच खाली केला, विभूती मीच लावली. सुट्टीनंतर सरांनी पुसली. दर वर्षी पुसतात. पुसताना पट्टे मोडलेले होते का, त्यांनाच विचारा." मग माझ्याकडे वळून, "सर, नीवे हेळि." तुम्हीच सांगा.

ताई, पट्टे मोडलेले नव्हते. तीन ऑक्टोबरला सकाळी साडेसातला मी माझ्या हाताने ते पुसले. तिच्या बाजूचा तेवढा एकच पुरावा होता, तो मी देवाच्या नावाने बोळ्याला लावून कचऱ्यात टाकला.

मी तोंड उघडायच्या आत गुरुप्रसाद बोलले. सगळ्यांना कळावं म्हणून पवित्राबाईंना हिंदीत म्हणाले, "मॅडम, ये क्रिश्चियन हैं. पूजा-वूजा नहीं मानते. पूरी फॅक्टरी में उस दिन मशीन चलानेवाला एक ही आदमी था. और ये आदमी झूठ नहीं बोलता, किसी से भी पूछ लो."

आणि खरंच, खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. तीस वर्षं मी जे जपलं, प्रसाद नाकारून, पाठ फिरवून, ते सगळं एका खोट्या कागदाचं कव्हर म्हणून कामाला आलं. त्या क्षणी नाही म्हणायचं होतं. मी म्हणालो, "हो. मी चालवलं."

आता महानंदाने येत्या शनिवारपर्यंत लेखी माफी द्यायची आहे, सरांवर खोटा आळ घेतला म्हणून. नाही दिली तर महिनाअखेरीला तिचं कंत्राट संपतंय, ते पुढे वाढणार नाही. ती माफी देणार नाही, मला माहीत आहे. संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर ती केबिनच्या दारात आली. मला वाटलं, शिव्या देईल. तिने विचारलं, "सर, तुमच्यात असं चालतं का?" टोमणा नव्हता तो. बारा वर्षं शेजारी काम करून तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, उद्या बोलू. उद्या शनिवार होता, मी रजा टाकली.

मला सगळ्यांचा संताप आलाय. गुरुप्रसादचा, की त्याने माझा धर्म असा वापरला. पाळकसाहेबांचा, की त्यांनी नेमकं आजच मला उभं केलं. महानंदाचासुद्धा येतो, की ती आरडाओरडा का करत नाही. आणि या सगळ्यांच्या मागे कोण उभा आहे ते मला दिसतंय. पहिली आज्ञा, दुसरा देव नको ही, मी तीस वर्षं पाठ फिरवून आणि बोळ्याने पाळली. खोट्या साक्षीची पण एक आज्ञा आहे, तिच्याकडे बघायला फुरसत झाली नाही.

आपल्या बाबांना गावात कोणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं. पाणी वरून ओतायचे. पण बांधाचं भांडण झालं की दोन्ही बाजू योहान मास्तरांना बोलवायच्या, कारण मास्तर बोलतील ते खरं. मला लोक घरात घेतात, दिवाळीला फराळ पाठवतात, सर म्हणतात. आणि माझं बोलणं खोटं.

आता तुझ्याविषयी. मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण हे मला जास्त जड जातं.

जानेवारीत मी नगरला तुझ्याकडे होतो. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, शेजारच्या सुनंदाबाई तुला हाताला धरून घेऊन गेल्या. तू परत आलीस, कपाळाला कुंकू, हातात वाण म्हणून मिळालेली स्टीलची वाटी. तुमचे पाळकसाहेब चहाला बसले होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "ताई, आधी कपाळ धू." मोरीत गेलीस, धुऊन आलीस, आम्हाला दुसरा चहा दिलास. त्यानंतर तू माझा फोन उचललेला नाहीस.

तुझ्या कपाळावर कुंकू का लागलं हे मी विचारलंच नव्हतं. दाजी जाऊन तीन वर्षं झालेली. त्या लोकांत विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक आहे. सुनंदाबाईंनी त्यांच्या सगळ्या बायकांसमोर त्यांचा नियम मोडला, तू एकटी घरात बसू नयेस म्हणून. आणि मी माझा नियम पाळला. त्या दिवशी त्या दोन घरांत येशूच्या जवळ कोण होतं, हे सांगायला पाळक लागत नाही. मी चुकलो, ताई. तुमच्या पाळकसाहेबांसमोर चुकलो, तेव्हा हे पत्र त्यांनाही वाचून दाखव.

आता माझं काम. उद्या सोमवारी सकाळी दहाला मी गुरुप्रसादच्या केबिनमध्ये जाणार आहे आणि पवित्राबाईंना फोन लावून, सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, ते बहुतेक आता राहणार नाहीत. वीणाला चहाच्या वेळी सांगितलं. ती खूप रडली, मग म्हणाली, इस्त्रीचा शर्ट काढून ठेवते.

पण माझा माझ्यावर भरवसा नाही. शुक्रवारीही मी खरं बोलायचं ठरवूनच खोलीत शिरलो होतो. म्हणून हे पत्र. आता चालत जाऊन कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकतो. त्या पेटीत हात घालून काही परत काढता येत नाही आणि पुसताही येत नाही. तुला गुरुवार-शुक्रवारपर्यंत मिळेल. मी बोललो असेन तर त्याआधी तुला माझा फोन येईल, या वेळी उचल. फोन आला नसेल, तर तुझा रतन पुन्हा पळाला असं समज. मग माझी वाट बघू नकोस. पाकिटाच्या आतल्या बाजूला महानंदाचा नंबर लिहिलाय. या शेवटच्या पानाचा फोटो काढून तिला शनिवारच्या आत पाठव. ती मराठी वाचते.

तिच्यासाठी खाली वेगळं लिहितो.

३० सप्टेंबरला सकाळी नऊनंतर लॅबमधलं मशीन बंद होतं. आठपैकी एकही दोर तोडला गेला नाही. रिपोर्टमधले आकडे मी मनाने लिहिले. ३ ऑक्टोबरला मी स्विचवरची विभूती पुसली तेव्हा तिन्ही पट्टे अखंड होते. महानंदा बोलली ते सगळं खरं आहे. आमच्यात असं चालत नाही. मी चालवलं.

तपासलं, आणि सही केली,

रत्नाकर योहान साळवे